खेळाच्या तासाला दप्तरं राखणारी मुलगी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

क्रीडा दिनाच्या तुमच्या पुरवणीत आपल्या पॅरालिम्पिक पदकविजेत्यांवरचे लेख मनापासून आवडले. माझ्या मुलीने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. ती अकरा वर्षांची आहे, सहावीत शिकते. तिला अल्बिनिझम आहे. लोक कोड समजतात, पण हे कोड नव्हे. शरीरात रंगद्रव्य जन्मतःच नीट तयार होत नाही, त्यामुळे डोळ्यांचा पडदाही नीट घडत नाही. बुबुळं सतत हलत राहतात, उजेडात डोळे दिपतात, आणि कितीही नंबरचा चष्मा लावला तरी नजर पुरती सुधारत नाही. फळ्यावरचं तिला दिसत नाही, पुस्तक नाकाला लावून वाचते.

शाळेत पी.टी.चा तास लागला की वर्ग मैदानावर जातो आणि ही कडुनिंबाखाली बसते. तिच्याभोवती चाळीस दप्तरं, पाण्याच्या बाटल्या आणि मुलींनी काढून ठेवलेली घड्याळं. कोणाची बाटली कोणती हे तिला हाताने ओळखता येतं. पहिलीपासून हे असंच चाललं आहे. कोणी दुष्टपणाने करतं असं मी म्हणणार नाही. 'पडेल, लागेल, ऊन सोसायचं नाही' ही काळजी खरीच आहे, आणि पहिलीत असताना तिला खेळातून सूट मिळावी असा अर्ज मी स्वतःच सही करून दिला होता. शाळेचं नाव म्हणूनच लिहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी अल्बिनिझमबद्दल मिळेल ते वाचत असताना मला सुसाना रोद्रिगेस हे नाव सापडलं. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातल्या विगो शहरात १९८८ साली जन्मलेली ही बाई. जन्मापासून अल्बिनिझम, नजर अगदी नावापुरती. लहानपणापासून ती धावायची. २००८च्या बीजिंग पॅरालिम्पिकसाठी स्पेनच्या संघात तिला जागा मिळाली नाही आणि तिने ट्रॅक सोडला. ती फिजिओथेरपी शिकली, पुढे डॉक्टर झाली. २०१०च्या सुमारास ती ट्रायथलॉनकडे वळली. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं, मध्ये विश्रांती नाही. २०१६ साली रिओत ट्रायथलॉन पहिल्यांदा पॅरालिम्पिकमध्ये आलं, तिथे ती पाचवी आली.

न दिसणारा माणूस हे तिन्ही प्रकार कसे करतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. पोहताना खेळाडू आणि त्याचा गाईड एका लवचीक दोरीने एकमेकांना बांधलेले असतात. सायकल दोघांची, पुढे गाईड, मागे खेळाडू, चारही पाय एका तालात. धावताना पुन्हा दोरी. गाईड वळण सांगतो, चढ सांगतो, कोण किती पुढे आहे ते सांगतो. पण खेळाडूला ओढायचं नाही आणि त्याच्या आधी शेवटची रेघ ओलांडायची नाही, हा नियम आहे. ट्रायथलॉनमध्ये बाईला बाईच गाईड लागते. ट्रॅकवर पुरुष चालतो.

हा शेवटचा फरक मुद्दाम सांगते आहे. टोकियोत सुसाना दोन्ही खेळांत उतरली. २०२१च्या ऑगस्टमध्ये सारा लोर हिच्यासोबत तिने ट्रायथलॉनचं सुवर्ण जिंकलं आणि दोनच दिवसांनी सेल्सो कोमेसान्या या पुरुष गाईडबरोबर १५०० मीटरची फायनल धावली. अंध धावपटूंच्या त्या गटात सगळ्यांनाच डोळ्यांवर काळी पट्टी बांधावी लागते, म्हणजे थोडं दिसणाऱ्याला फायदा नको. ती पाचवी आली. मला सुवर्णापेक्षा ते पाचवं येणंच जास्त भावतं. सोन्याचं पदक गळ्यात पडल्यावर कोणीही मायदेशी परतलं असतं. ही मात्र ज्या ट्रॅकने तिला एकदा नाकारलं होतं त्यावर पुन्हा उभी राहिली.

त्याच्या आदल्या वर्षी कोविडची लाट आली तेव्हा ती स्पेनमधल्याच सांतियागो शहरातल्या रुग्णालयात डॉक्टर होती. नजरेमुळे कोविडच्या वॉर्डात काम करणं शक्य नव्हतं, म्हणून ती फोनवरून रुग्णांची विचारपूस करून सल्ला देत होती. सराव घरातच. टोकियोच्या तोंडावर 'टाइम' या अमेरिकन नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली. मग २०२४ साली पॅरिसला सीन नदीचं पाणी पावसाने खराब झालं, शर्यत पुढे ढकलावी लागली, आणि सारा पेरेस साला या नव्या गाईडसोबत सुसानाने पुन्हा सुवर्ण घेतलं. गाईडलाही पदक मिळतं. मंचावर दोघी उभ्या राहतात.

हे सगळं मी मुलीला सांगितलं तर तिने एकच विचारलं, "तिचे केस पण पांढरे आहेत?" हो म्हटल्यावर बराच वेळ गप्प होती.

दुसऱ्या दिवशीपासून आम्ही पहाटे साडेपाचला मैदानावर जायला लागलो. ऊन वर यायच्या आत परतायचं, टोपी आणि पूर्ण बाह्या. दोरी म्हणून बुटाची नाडी, एक टोक तिच्या मनगटात, एक माझ्या. पहिला आठवडा मी तिला नुसतं ओढत होते. भीती माझीच होती. एक दिवस ती थांबून म्हणाली, "आई, ओढू नकोस गं. नुसतं सांग." मला तो नियम आठवला आणि पोटात कालवलं. आता माझा दम पुरत नाही, म्हणून शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी तिच्याबरोबर धावते. मी काठावर उभी राहून दोघींच्या पावलांचा एकच आवाज ऐकते.

स्पेनला आहे म्हणून जमलं, असं कोणी म्हणेल. आपल्याकडेही अंकुर धामा आहे. लहानपणीच दृष्टी गेलेला हा मुलगा रिओत १५०० मीटर धावला आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत १५०० आणि ५००० मीटर अशी दोन सुवर्णपदकं घेऊन आला. आपल्या विदर्भाच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. तेव्हा मुलं आपल्याकडे आहेत. कमी आहेत ती नाडीचं दुसरं टोक धरणारी माणसं. आणि असा माणूस घडवायला काही लागत नाही हो. सारख्या वेगाने धावणारी, बोलायला न लाजणारी वर्गातलीच एक मुलगी आणि आठ-दहा दिवसांचा सराव. पी.टी.च्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक दिवस यासाठी ठेवला तर जिल्ह्यात कितीतरी मुलं झाडाखालून उठतील.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम १६ शाळांना सांगतं की या मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी द्या. सूट द्या असं सांगत नाही. तेव्हा माझ्यासारख्या पालकांनाही विनंती आहे, खेळातून सूट मागणाऱ्या अर्जावर सही करण्याआधी मुलाला एकदा विचारा. मी विचारलं नव्हतं.

पहिलीतला तो अर्ज मी आता लेखी मागे घेतला आहे. सोबत दुसरा दिला आहे. डिसेंबरच्या क्रीडा सप्ताहात २०० मीटरच्या शर्यतीत माझ्या मुलीचं नाव घ्यावं आणि तिच्या शेजारची एक लेन गाईडसाठी मोकळी ठेवावी, मोठ्या स्पर्धांत ठेवतात तशी. चुना टाकून एक जादा पट्टा आखायचा, एवढंच काम आहे. तीन आठवडे झाले, उत्तर आलेलं नाही. ती रोज शाळेतून आल्यावर विचारते.

आपली,
एक आई, सातारा
(मुलीसाठी नाव छापू नये, ही विनंती.)