कॅम्पर व्हॅन घेण्याआधी टेप लावा

राज्याने २०२१मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या कॅम्पर व्हॅनसारख्या गाड्यांसाठी पर्यटन धोरण आणले. गाडी घरी आल्यावर उभी कुठे करायची, ते मात्र सोसायटीच्या सभेतल्या भांडणावर सोडले. मुंबईच्या विकास नियमावलीत मोठ्या गाडीची जागा २.५ बाय ५.५ मीटर. सहा मीटरची व्हॅन अर्धा मीटर बाहेर येते आणि अग्निशमन बंबाची वाट अडते. अशा वेळी शेजाऱ्यांची तक्रार रास्तच असते, दरवेळी पोटदुखी नव्हे! लांबीत मागची शिडी, सायकलचा स्टँडही धरा. उंची मात्र गाडी रिकामी आणि टायरमध्ये पूर्ण हवा असताना मोजा. सामान उतरले की गाडी वर उठते आणि छतावरचा एसी स्टिल्टच्या (इमारतीखालच्या खांबांवरच्या पार्किंगच्या) बीमला नाहीतर स्प्रिंकलरच्या पाइपला घासतो. ही मापे जोडून समितीकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या. तोंडी दिलेली परवानगी नवी समिती मानत नाही.

– एक वाचक, मुलुंड