गवत फुलोऱ्यात असतानाच कापू द्या : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पशुसंवर्धन मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात गवळाऊ गाई पाळतो. चाराटंचाईच्या बैठका उन्हाळ्यात होतात, परंतु ती टंचाई सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गवत उभे असतानाच तयार होते, म्हणून हे पत्र आताच लिहीत आहे.

आमच्याकडे खरीप ज्वारी होती तोवर कडब्याच्या पेंड्यांवर उन्हाळा निघून जाई. सोयाबीन आले आणि ज्वारी मागे पडली; आज कुणी पेरलीच तर रोही आणि रानडुकरे ती हाती लागू देत नाहीत. उरते ते कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, ज्यावर जनावर तगते, पण दूध देत नाही. संकरित नेपियर या चाऱ्याच्या गवताचे ठोंबे ओलित असणाऱ्यांच्या कामाचे. माझ्यासारख्या कोरडवाहू माणसाला ई-क्लास, म्हणजे सरकारी चराऊ जमिनीवरच्या पवन्या-कुसळी या रानगवतांचाच आधार.

हे गवत फुलोऱ्यात कापून वाळवले तर पानेदार आणि पौष्टिक राहते. बी धरले की त्यातील प्रथिने झपाट्याने घटतात, काडी कडक होते आणि कुसळीची टोके जनावरांच्या तोंडात रुततात. आमच्या गावात मात्र गवताचा लिलाव दिवाळीनंतर होतो, म्हणजे आम्ही पैसे मोजतो ते काड्यांचे. अशा निकृष्ट चाऱ्यावर 100 किलोमागे 4 किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडावा आणि तो 21 दिवस हवाबंद ठेवावा, अशी शिफारस आहे. वेळेवर कापलेल्या गवताला हा खटाटोप लागतच नाही.

ही जमीन महसूल खात्याची आहे, हे मी जाणतो. तरीही कापणीची योग्य वेळ आपल्या खात्याचे डॉक्टरच सांगू शकतात. त्यांच्या सल्ल्याने लिलाव ऑगस्टअखेर आटोपावेत आणि निम्मे गवत फुलोऱ्यात येताच कापणीला परवानगी मिळावी. सगळेच कापले तर बी पडणार नाही, म्हणून दरवर्षी चौथा हिस्सा आळीपाळीने राखून ठेवण्याची अट घालावी. ती आम्ही आनंदाने पाळू.

अडचण एकच आहे, आणि ती खरी आहे. त्याच दिवसांत सोयाबीनची सोंगणी असते, मजूर मिळत नाही, आणि परतीच्या पावसात कापलेले गवत भिजले तर बुरशी धरते. यासाठी गावच्या अवजार बँकेत गवत कापणी यंत्रे आणि गंजी झाकायला ताडपत्र्या द्याव्यात.

यंदा निदान आमच्या एका तालुक्यात हे करून पाहावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
आर्वी तालुक्यातील एक गोपालक