फोटो पाठवू नका, अडलेली पायरी लिहा

मा. संपादक,
स. न.

अकरावी-बारावीचे वर्ग सुरू झाले की ठाण्यात गोखले रोडपासून घोडबंदरपर्यंत पालकांची एकच तक्रार ऐकू येते: मुले गणिताचा गृहपाठ मोबाइलवरून उतरवतात. उतरवतात हे खरे. पण कॅलक्युलसची शंका रात्री दहाला येते. तोवर क्लास सुटलेला असतो, आणि दिव्या-कळव्याच्या मुलाने तेवढ्यासाठी पुन्हा लोकल पकडून नौपाड्यात यायचे कसे? मोबाइल काढून घेऊन हे सुटणार नाही. मदत कशी मागायची, ते मुलांना कोणीच शिकवलेले नाही.

लिमिटचे, म्हणजे एक्स एखाद्या संख्येच्या जवळ जाताना पदाची किंमत कशाजवळ जाते याचे, साधे उदाहरण घ्या. एक्स ३ कडे जात असताना (√(एक्स + १) − २) ÷ (एक्स − ३) याची किंमत काढायची आहे. पुस्तकाचा फोटो ऑनलाइन मदत देणाऱ्या ॲपला पाठवला की बहुधा लोपितालच्या नियमाने उत्तर येते: वर-खाली डेरिव्हेटिव्ह (विकलज) घ्या, १/४. उत्तर बरोबर आहे, पण अकरावीत लिमिट आधी शिकवतात आणि डेरिव्हेटिव्ह नंतर. मुलगा न कळलेली ओळ वहीत उतरवतो आणि पुढच्या उदाहरणाला पुन्हा अडतो. त्याने असे लिहावे: ‘३ ठेवून पाहिले, ०/० आले. डेरिव्हेटिव्ह न वापरता पुढची एकच पायरी सांगा.’ मग उत्तर येते की अंश आणि छेद दोन्हींना √(एक्स + १) + २ ने गुणा. इथून पुढे त्याचे तोच करू शकतो. अंशात एक्स + १ − ४, म्हणजे एक्स − ३ उरते, ते छेदातल्या एक्स − ३ शी कटते, आणि उरलेल्या १ ÷ (√(एक्स + १) + २) मध्ये ३ ठेवले की १/४.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने ही युक्ती नववीतच केलेली असते. तेव्हा तिचे नाव होते अनुबद्ध जोडी आणि छेदाचे परिमेयीकरण. इथे तेच अंशाला करायचे आहे. कॉन्जुगेट, रॅशनलायझेशन अशा इंग्रजी नावांमुळे ओळखीची गोष्ट परकी वाटते, आणि हुशार मुलेसुद्धा ‘मला गणित जमत नाही’ म्हणू लागतात, याचे आम्हाला फार वाईट वाटते. प्रश्न मराठीत विचारला तरी चालतो, फक्त चिन्हे नीट लिहायला हवीत.

चिन्हांतच निम्मा घोळ होतो. १/एक्स + १ असे कंसाविना टाइप केले तर यंत्र आधी १/एक्स काढते आणि मग त्यात १ मिळवते. मुलाच्या मनात असते १/(एक्स + १). साइनचा वर्ग आणि एक्स-वर्गाचा साइन यांचीही अशीच गल्लत होते. बारावीच्या कॅलक्युलसमध्ये पाया न लिहिलेला लॉग नैसर्गिक, म्हणजे ई हा पाया असलेला, असतो. गणिते सोडवणारे संकेतस्थळ वुल्फ्रॅम अल्फाही तसाच धरते, आलेख काढणारे डेस्मॉस मात्र १० हा पाया धरते, म्हणून तिथे एलएन हे नैसर्गिक लॉगचे चिन्ह लिहावे. आलेख काढताना कोन रेडियनमध्ये आहे ना, हेही पाहावे. एक्स शून्याजवळ असताना साइन एक्स ÷ एक्सची किंमत १ च्या जवळ हवी, ०.०१७४ दिसली तर यंत्र कोन डिग्रीत मोजते आहे.

पुस्तकाच्या मागचे उत्तर जुळत नाही म्हणून बरोबर सोडवलेले गणित खोडणारी मुले तर दर वर्षी दिसतात. साइन एक्स गुणिले कॉस एक्सचे इंटिग्रेशन (संकलन, म्हणजे डेरिव्हेटिव्हची उलट क्रिया) एका रीतीने साइन-वर्ग ÷ २ येते, दुसऱ्या रीतीने उणे कॉस-वर्ग ÷ २. दोन्ही बरोबर, कारण त्यांच्यातला फरक १/२ हा स्थिरांक आहे आणि तो उत्तराच्या शेवटी लिहायच्या ‘अधिक सी’ या स्थिरांकात सामावतो. शंका आली की आपल्या उत्तराचे डेरिव्हेटिव्ह घ्यावे. मूळचे पद परत आले की उत्तर बरोबर. ऑनलाइन आलेल्या उत्तरालाही हीच कसोटी लावावी.

उत्तर ठामपणे लिहिलेले असले तरी चुकलेले असू शकते. −१ ते १ पर्यंत १/एक्स-वर्गाचे इंटिग्रेशन सरळ सूत्रात घातले तर −२ येते. आलेख सगळा अक्षाच्या वर असताना क्षेत्रफळ उणे कसे येईल? मध्ये शून्यापाशी फलन तुटते, तिथे हे सूत्र चालतच नाही.

सीईटीत पर्याय निवडून भागते, बोर्डाच्या पेपरात मात्र पायऱ्यांना गुण असतात. म्हणून शहरातल्या कनिष्ठ महाविद्यालयांना आणि क्लासचालकांना आमची विनंती आहे: गृहपाठाच्या वहीत प्रत्येक उदाहरणाखाली दोन ओळी राखून ठेवा, ‘कुठे अडलो’ आणि ‘ताळा कसा घेतला’. तपासताना आधी त्याच ओळी वाचा. मदत ऑनलाइन घेतली असेल तर मुलाने तेही तिथेच लिहावे, आणि त्यासाठी त्याला कोणी रागावू नये.

कनिष्ठ महाविद्यालयांतील गणिताचे काही शिक्षक,
नौपाडा, ठाणे (प.)