अधीन असणे म्हणजे गप्प बसणे नव्हे

महोदय,

पांदण रस्त्याचे खडीकरण कागदावर होते आणि बैलगाडी चिखलातच फसते, तेव्हा गावकरी सरपंचाला जाब विचारतात. विदर्भातल्या खेड्यांमधील आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत मात्र अशा वेळी कुणीतरी बायबलातील रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय काढतो आणि म्हणतो, अधिकार देवाने नेमलेला आहे, पुढाऱ्यांविरुद्ध बोलू नये. तो अध्याय अर्धाच वाचला जातो, म्हणून हे पत्र.

पहिल्या वचनात अधीन राहायला सांगितले आहे, हे खरे. पण चौथ्या वचनात अधिकाऱ्याला तुमच्या हितासाठी नेमलेला देवाचा सेवक म्हटले आहे. म्हणजे कामाचे बंधन त्यालाही आहे. सातवे वचन कर द्या म्हणते. भरलेल्या कराचा हिशेब मागू नका, असे अख्ख्या अध्यायात कुठे नाही. आणि अधीन असणे म्हणजे प्रत्येक हुकूम मानणेही नव्हे. येशूच्या नावाने शिकवू नका, असा हुकूम झाल्यावर माणसांपेक्षा देवाचे ऐकले पाहिजे, असे पेत्र व इतर प्रेषितांनी न्यायसभेला तोंडावर सांगितले. फटके खाल्ले, हात उचलला नाही, आणि शिकवणे चालूच ठेवले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ५).

शिवाय आपल्याकडे राजा नाही. इथे सरपंच, आमदार, जिल्हाधिकारी सगळेच राज्यघटनेच्या अधीन आहेत आणि तिच्या अनुच्छेद १९ ने बोलण्याचा हक्क दिला आहे. कायद्याच्या वाटेने प्रश्न विचारणारा अधिकाराविरुद्ध जातो, असे म्हणायला जागाच नाही.

शेतकऱ्यांनी बायबलातील १ राजे या पुस्तकाचा अध्याय २१ अवश्य वाचावा. अहाब राजाला वाड्याला लागून असलेला नाबोथाचा द्राक्षमळा भाजीच्या वाडीसाठी हवा होता. बदल्यात चांगला मळा किंवा रोख किंमत द्यायला तो तयार होता; वडिलोपार्जित जमीन देणार नाही, असे नाबोथाने सांगितले. मग राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रे लिहून त्यावर त्याचीच मोहर केली आणि दोन खोटे साक्षीदार उभे केले. आरोप कोणता ठेवला? नाबोथाने देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले! त्याला दगडमार झाली आणि मळा राजाकडे गेला. एलीया संदेष्ट्याने अहाबाला त्याच मळ्यात गाठून खून आणि जमीन बळकावल्याचा दोष त्याच्या पदरात घातला. 'पुढाऱ्याविरुद्ध बोलला' हा आरोप कुणाच्या कामी येतो, ते इथे उघड दिसते.

मर्यादाही शास्त्रातच आहे. प्रमुख याजकाने तोंडावर मारायला लावले तेव्हा प्रेषित पौल त्याला 'चुना लावलेली भिंत' म्हणाला. तो प्रमुख याजक आहे हे कळताच लोकांच्या अधिकाऱ्याला वाईट बोलू नये, हे नियमशास्त्र त्याने स्वतःच सांगितले. पण न्यायाला बसून नियमाविरुद्ध मार देता, हा मुद्दा काही मागे घेतला नाही (कृत्ये, अध्याय २३). व्हॉट्सॲपवर पुढाऱ्याच्या आईबहिणीवरून लिहिणाऱ्या तरुणांना हे निक्षून सांगायला हवे.

प्रश्न विचारण्याची रीत अवघड नाही. माहिती अधिकाराचा अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह करावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना दाखला जोडल्यास शुल्क नाही. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. बहुतेक अर्ज फसतात ते 'काम का झाले नाही?' असे विचारल्यामुळे. या कायद्याने कागद मिळतो, खुलासा नाही. म्हणून रस्त्याचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयके यांच्या प्रती मागाव्यात. पोच घ्यायला विसरू नये. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे.

हे कागद घेऊन ग्रामसभेत जावे. गणपूर्तीला गावातले १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लागतात. ती न भरल्यामुळे सभा तहकूब झाली की त्याच विषयांच्या पुढच्या सभेला गणपूर्तीची अटच नसते आणि मोजक्या माणसांत ठराव होऊन जातात. प्रश्न विचारणारे घरी बसले की नेमके हेच होते.

पाळकांना एक विनंती. अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असे १ तीमथ्य, अध्याय २ सांगतो आणि ती आपण करतोच. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणजे मध्ये एक रविवार येतोच. त्या रविवारी भक्तीनंतरच्या सूचनांमध्ये तारीख, वेळ आणि विषय वाचून दाखवावेत.

— एक ख्रिस्ती वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती