पुडी आठवड्याची, मी दिली रोज

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझा आठ वर्षांचा नातू मे महिन्यात सुट्टीला अकोल्याला आला, तेव्हा सूनबाईने त्याच्या बॅगेत व्हिटॅमिन डीच्या सहा पुड्या दिल्या होत्या. पाय दुखतात म्हणून रक्त तपासले, त्यात ‘डी’ १४ निघाले, म्हणजे कमी. डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, अशी लिहून दिली होती. सूनबाईने फोनवर सांगितलेही असेल. माझ्या डोक्यात राहिले ते एवढेच, की रात्री दुधातून एक. औषध म्हणजे रोजचे, ही आमच्या पिढीची समजूत.

सहा दिवसांत पुड्या संपल्या. रिकामी पुडी घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. चिठ्ठी कुणी मागितली नाही, औषध कुणासाठी हेही विचारले नाही. आणखी पुड्या हातात पडल्या. अशा एकूण एकवीस झाल्या.

पोरगा मलूल झाला. जेवण नको, मळमळ, पोट साफ नाही. तांब्या-तांब्या पाणी प्यायचा आणि रात्री चार-चारदा लघवीला उठायचा. ऊन बाधले असेल म्हणून मी पन्हे पाजत बसलो. मग एका पहाटे कुशीत कळ आली आणि लघवी लालसर झाली. सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडात ४ मिलिमीटरचा खडा दिसला, रक्तातले कॅल्शियम वाढलेले आणि ‘डी’ दीडशेच्या वर. खडा याच पुड्यांनी झाला, असे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितले नाही. आधीपासूनही असू शकेल म्हणाले. पुड्या मात्र त्याच क्षणी बंद केल्या.

त्यांनी समजावले ते असे. ‘डी’ आतड्यातून कॅल्शियम रक्तात ओढते. ते गरजेपेक्षा जास्त झाले की मूत्रपिंड लघवीवाटे बाहेर टाकते, आणि तिथेच खड्याला माल मिळतो. शिवाय ‘डी’ चरबीत साठते, त्यामुळे पुडी थांबवली तरी परिणाम कित्येक आठवडे उतरत नाही. घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. या वयाच्या मुलाला दिवसाला ६०० युनिट पुरतात, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचे ‘डी’! मी ते रोज रात्री चमच्याने ढवळून देत होतो.

१९५०च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या दूधभुकटीत आणि खाण्यात ‘डी’ सढळ हाताने घातले जाई. काही बाळांच्या रक्तातले कॅल्शियम धोकादायक वाढले, तेव्हा सरकारने प्रमाण कमी केले. काही मुलांच्या शरीरात हे जीवनसत्त्व मोडीत काढणारी यंत्रणा जन्मतःच अधू असते, हे जनुक तपासून २०११ मध्ये दाखवून दिले गेले. अशा मुलाला साधा डोसही जड जाऊ शकतो, आणि वरून बघून ते कुणालाच कळत नाही.

हे वाचून कुणी लिहून दिलेले ‘डी’ बंद करू नये. ‘डी’च्या कमतरतेने होणाऱ्या मुडदुसाने वाकलेले पाय मी लहानपणी आमच्या आळीत पाहिले आहेत. खडा झाला म्हणून दूधही तोडू नये. मी तोडायला निघालो होतो, डॉक्टरांनी थांबवले: दुधातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे खाण्यातून येणाऱ्या आणि कॅल्शियमशी मिळून खडा बनवणाऱ्या घटकाला, धरून ठेवते, ते तोडले तर उलट खड्याला वाव मिळतो. कमी करायचे ते मीठ. पापड, लोणचे, वेफर्सची पाकिटे. पाणी भरपूर, जमल्यास लिंबू पिळून.

चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही. पण पुडीवरची अक्षरे इंग्रजी आणि मुंगीएवढी. पूर्वी मेडिकलवाले पाकिटावर पेनाने सकाळ-संध्याकाळच्या रेघा मारून देत. आता या पुडीवर ‘आठवड्यातून एकदाच’ असे ठळक मराठीत छापायला कंपन्यांना किती शाई लागेल? आणि लहान मुलांसाठी ती चिठ्ठीशिवाय देऊ नये, एवढे अन्न व औषध प्रशासनाने दुकानदारांना बजावावे.

नातवाचा खडा पडून गेला, कॅल्शियमही ताळ्यावर आले. परवा मुद्दाम त्याच मेडिकलमध्ये गेलो आणि म्हटले, नातवासाठी डीची पुडी द्या. ‘एक की पूर्ण बॉक्स?’ एवढेच विचारले.

— एक आजोबा, अकोला