घुडखरामागे गाडी दामटू नका

माननीय संपादक,

आपल्या रविवारच्या पुरवणीत कच्छच्या सहलीवर पानभर मजकूर आला. तंबू, उंटाची सवारी, पांढऱ्या रणातली पौर्णिमा, सगळे छान. छोट्या रणाच्या वाट्याला मात्र दोनच ओळी आल्या आणि त्यातही ‘जीपमधून थरारक सफर’. तिथल्या घुडखरांमागे, म्हणजे रानगाढवांमागे, गाडी पळवण्याच्या त्या थराराबद्दल हे पत्र.

गेल्या डिसेंबरात मी, सौ., मेहुणी आणि साडू असे चौघे छोट्या रणाजवळच्या दसाड्याला मुक्कामी होतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, काढणारी आपण नागपूरची माणसे, वाळवंट आपले काय वाकडे करणार, असा तोरा होता. पहाटे उघड्या जीपमध्ये दातावर दात वाजले तेव्हा स्वेटर खोलीवरच्या बॅगेत होते.

छोट्या रणात वाळूच्या टेकड्या शोधू नका. पावसाळ्यात तिथे पाणी भरते आणि ते ओसरले की भेगाळलेला सपाट चिखल उरतो. मधेमधे गवताळ उंचवटे आहेत, त्यांना ‘बेट’ म्हणतात. घुडखर तिथे चरतात. गाढव म्हणून हसू नका. बदामी अंग, पाठीवरून गेलेला गडद पट्टा आणि घोड्याचा रुबाब. साठच्या दशकात सर्रा रोगाने हा प्राणी काही शेकड्यांवर आला होता. २०२४ च्या मोजणीत ७,६७२ भरले.

आता आमची करामत. साडूला ताडोबाची सवय. वाघ दिसला की ‘भाऊ, घे ना पुढे’. इथेही कळप पळताच तो म्हणाला, ‘लाव मागे!’ ड्रायव्हर नाही म्हणाला. साडूने दोनशेची नोट काढली. मी गप्प बसलो, कारण मोबाईल माझ्याही हातात होता. चाकोरी सोडून शंभर पावलेही गेलो नसू, वरचा कोरडा पापुद्रा फुटला आणि चाके खालच्या ओल्या चिखलात रुतली.

दुसरी जीप दोर घेऊन येईस्तोवर दीड तास गेला. तोवर जवळच्या अगरियाच्या झोपडीत बसलो. विहिरीतले खारे पाणी उपसून वाफ्यांत सोडायचे, दाताळ्याने फिरवत राहायचे, उन्हाळा लागेपर्यंत मीठ पिकवायचे, हे त्या घराचे काम. पूर्वी डिझेलचे इंजिन होते, आता सौर पंप आहे. प्यायचे पाणी टँकरने येते. त्यातूनच त्यांनी आम्हाला चहा दिला, पैसे घेतले नाहीत.

माझे सीताबर्डीत चष्म्याचे दुकान आहे. प्रकाश वाकतो, हे ३१ वर्षे गिऱ्हाइकांना भिंग दाखवून सांगतो आहे. पण तो उघड्यावर वाकलेला मी त्या झोपडीच्या दारातून पाहिला. जमीन तापली, तिच्यालगतची हवा विरळ झाली आणि क्षितिजापाशी आख्खे तळे उभे राहिले. सौ. म्हणाली, चला, तळ्यावर जाऊन येऊ. अगरियाची पोरे हसली. मग त्या तळ्यातून घुडखर आले. पाय गायब, नुसती धडे तरंगत होती. जवळ येत गेले तसे पाय फुटले. पाच होते, एक शिंगरू. आम्ही हललो नाही, तेही थांबले नाहीत. चरत चरत निघून गेले. मोबाईल गाडीतच राहिले होते, त्यामुळे फोटो नाही.

तेव्हा पुरवणीत पुढच्या वेळी एवढे छापा: गाडी चाकोरीत ठेवा, ड्रायव्हर नाही म्हणाला तर ऐका, आणि एखाद्या बेटाजवळ इंजिन बंद करून तासभर बसा. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, अभयारण्य बंद असते; तिकिटे काढण्याआधी पाहून घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवा, खारी धूळ फार वाईट. गॉगल न्या, कुठूनही घेतलेला चालेल; ही माझ्या दुकानाची जाहिरात नव्हे.

पुढच्या हिवाळ्यात कच्छमधलाच काळा डुंगर ठरला आहे. तिथल्या दत्तमंदिरात पुजारी हाक मारतो आणि कोल्हे येऊन प्रसादाचा भात खातात. साडूने आताच विचारले आहे, कोल्ह्यांच्या किती जवळ गाडी जाते?

आपला,
एक चष्मेवाला,
सीताबर्डी, नागपूर