ख्रिस्ती माणूस ‘देवाने जग निर्माण केले’ म्हणतो तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही आठवडे श्रद्धा आणि विज्ञान या विषयावर चर्चा चालू आहे. त्यातील बऱ्याच पत्रांत ख्रिस्ती धर्माचा उल्लेख जवळजवळ एकाच साच्यात आला: बायबलमध्ये सहा दिवसांत जग निर्माण झाल्याचे लिहिले आहे, विज्ञानाने ते खोटे ठरवले आहे, तेव्हा सुशिक्षित ख्रिस्ती माणसाने बायबल तरी सोडावे किंवा विज्ञान तरी. मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे आणि लहानपणापासून चर्चचा सभासद आहे. या दोहोंपैकी काहीही सोडण्याची वेळ माझ्यावर आली नाही, आणि ती का आली नाही हे सविस्तर मांडावेसे वाटते. कारण हेच आक्षेप मी वर्गात, चर्चच्या तरुण संघात आणि नातेवाइकांच्या बैठकीतही ऐकत आलो आहे, आणि ते घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण प्रामाणिकपणे घेतात.

विश्वाच्या आरंभाचा मुद्दा प्रथम घेतो. आइन्स्टाइन यांची समीकरणे आणि दीर्घिकांची निरीक्षणे यांची सांगड घालून विश्व प्रसरण पावत असल्याचे १९२७ मध्ये दाखवणारे, आणि १९३१ मध्ये विश्वाचा उगम एका ‘आद्य अणू’तून झाला असावा ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियममधील कॅथलिक धर्मगुरू होते. आरंभ असलेले विश्व त्या वेळी अनेक शास्त्रज्ञांच्या पचनी पडेना. तशी कल्पना तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने आपल्याला किळसवाणी वाटते, असे खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी जाहीरपणे लिहिले. १९४८ मध्ये फ्रेड हॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरंभच नसलेल्या विश्वाचा स्थिर-स्थिती सिद्धांत मांडला, आणि हॉइल यांचे विद्यार्थी व पुढे सहकारी झालेले आपले डॉ. जयंत नारळीकर यांनी महास्फोटाविषयीच्या, म्हणजे विश्वाच्या अशा आरंभाच्या सिद्धांताविषयीच्या, शंका आयुष्यभर धीटपणे मांडल्या. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या नव्या विश्वशास्त्रात बायबलमधील निर्मितीची साक्ष दिसते, अशा आशयाचे भाषण केले, तेव्हा ते कोणाला रुचले नसेल तर खुद्द लमेत्र यांना. आपला सिद्धांत धर्माच्या बाजूचा पुरावा म्हणून कोणी पुढे करावा, हे त्यांना मान्य नव्हते.

लमेत्र यांची ही भूमिका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. महास्फोट म्हणजेच निर्मितीचा क्षण, असे धरून चालणारे ख्रिस्ती बांधव आजही भेटतात, आणि महास्फोटापूर्वी काही होते असे उद्या सिद्ध झाले तर देवाला रजा द्यावी लागेल, असे समजणारे टीकाकारही भेटतात. दोघांची चूक एकच आहे. तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी याच प्रश्नावर एक छोटा ग्रंथ लिहिला. जगाला आरंभ आहे हे आपण बायबलवरून मानतो, केवळ तर्काने ते सिद्ध करता येत नाही, असे त्यांनी स्वच्छ मान्य केले. पण जग अनादी असते तरीही ते निर्मितच ठरले असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याहून आठशे-साडेआठशे वर्षे आधी ख्रिस्ती आचार्य ऑगस्टीन यांनी प्लेटोच्या अनुयायांचा एक दाखला नोंदवला आहे: एखादे पाऊल अनादी काळापासून धुळीत उमटलेले असेल तर त्याखालचा ठसाही अनादीच असेल, पण म्हणून तो पावलावाचून उमटला असे कोणी म्हणणार नाही. ख्रिस्ती सिद्धांतात ‘निर्मिती’ म्हणजे जे जे आहे ते आपल्या अस्तित्वासाठी या क्षणीही देवावर अवलंबून आहे, हे विधान. पहिल्या सेकंदाला काय घडले, हा त्याहून वेगळा प्रश्न आहे. नारळीकर बरोबर ठरले असते तरी आमच्या रविवारच्या उपासनेतला विश्वासांगिकार (श्रद्धेची कबुली) एका अक्षरानेही बदलावा लागला नसता.

वर्गातले एक उदाहरण देतो. कांद्याच्या मुळाचे कोवळे टोक ॲसिटोकार्मिनमध्ये रंगवून, काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली धरले की विभाजन चालू असलेल्या पेशी दिसतात. एखाद्या पेशीत गुणसूत्रांचे गडद धागे मधोमध रांगेत उभे असतात, तर शेजारच्या पेशीत तेच दोन टोकांकडे ओढले गेलेले असतात. ‘सर, यांना ओढतं कोण?’ असा प्रश्न हमखास यायचा, आणि त्याचे उत्तर मी तर्कुतंतू, म्हणजे पेशीतलेच सूक्ष्म धागे, असेच देत असे. तिथे ‘देव ओढतो’ म्हणणे हे वाईट जीवशास्त्र झाले असते, आणि माझ्या मते त्याहून वाईट धर्मशास्त्र. कारण मग तर्कुतंतूंचा शोध लागला त्या दिवशी देवाचे काम तेवढे कमी झाले, असे मानावे लागले असते. न्यूटन यांच्याकडून नेमके हेच झाले. ग्रहांच्या कक्षांतील अनियमितता साठत जाऊन सूर्यमालेची घडी अधूनमधून नीट करावी लागेल, असे त्यांनी सुचवले, आणि ते काम देवाकडे सोपवले. पुढे लाप्लास यांच्या गणिताने ती गरज उरू दिली नाही. ज्ञानातील फटी भरण्यापुरता देव मानणाऱ्याची श्रद्धा दर पिढीला आकसत जाते. मी ज्या देवाची उपासना करतो तो त्या तंतूंचा, त्यांच्या नियमांचा आणि ते नियम उमजणाऱ्या मुलांच्या बुद्धीचाही कर्ता आहे.

उत्क्रांतीविषयी बोलताना आमच्यातलेच काही जण विनाकारण घाबरतात. डार्विन यांचे पुस्तक १८५९ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. त्याच महिन्यात इंग्लंडमधील धर्मोपदेशक चार्ल्स किंग्जली यांनी त्यांना कळवले की, स्वतःहून विकसित होऊ शकणारी मूळ रूपे देवाने निर्माण केली, ही देवाविषयीची तितकीच उदात्त कल्पना आहे. डार्विन यांनी लेखकाचे नाव न देता ते विधान पुढच्याच आवृत्तीत घातले. आनुवंशिकतेचे नियम वाटाण्यांवरून शोधणारे मेंडेल ब्रनो येथील मठातले संन्यासी होते. ‘उत्क्रांतीच्या प्रकाशात पाहिल्याशिवाय जीवशास्त्रातील कशालाही अर्थ नाही’ हे वाक्य नास्तिकांच्या तोंडी वारंवार ऐकू येते. ते १९७३ मध्ये लिहिणारे जीवशास्त्रज्ञ डोब्झॅन्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. उत्क्रांती ही आता निव्वळ परिकल्पना राहिलेली नाही, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये सांगितले. गॅलिलिओंवर १६३३ मध्ये झालेला अन्याय मी झाकू इच्छित नाही, तो अन्यायच होता. पण त्या एका खटल्यावरून दोन हजार वर्षांचा इतिहास सांगणे बरोबर नव्हे.

आता बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायाकडे येतो. सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर पहिले तीन दिवस मोजले कसे, असा प्रश्न टीकाकार अगदी नवा शोध लागल्यासारखा विचारतात. हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या शतकातील ख्रिस्ती आचार्यांनीच विचारला होता. सूर्यावाचूनचे दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे नसणार, असे ऑगस्टीन यांचे मत होते. निसर्गाविषयी अनुभवाने आणि विचाराने जे सिद्ध आहे त्याच्या विरुद्ध बायबलचा आधार देऊन बडबडणारा ख्रिस्ती माणूस बायबलचेच हसे करतो, असा कडक इशाराही त्यांनी दिला. अध्यायाची रचना नीट पाहिली तर पहिल्या तीन दिवसांत विभागणी होते: उजेड आणि अंधार, वरचे पाणी आणि खालचे पाणी, समुद्र आणि कोरडी जमीन. पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने ती दालने भरली जातात: ज्योती, मग जलचर आणि पक्षी, मग जनावरे आणि माणूस. ही काळजीपूर्वक बांधलेली रचना आहे आणि ती काहीतरी ठासून सांगण्यासाठी बांधली आहे. बाबिलोनच्या निर्मितीकथेत मार्दुक हा देव तियामत या देवतेचा देह चिरून त्यातून जग घडवतो, आणि देवांची कष्टाची कामे उरकण्यासाठी मारल्या गेलेल्या एका देवाच्या रक्तातून माणूस बनवला जातो. त्या जगात राहून उत्पत्तीचा लेखक सांगतो की जग युद्धातून झालेले नाही, ते चांगले आहे, सूर्य-चंद्र हे दिवे आहेत, आणि नर व नारी दोघेही देवाच्या प्रतिरूपाचे आहेत.

जगाचे वय सहा हजार वर्षे, हा हिशेब सतराव्या शतकात आयर्लंडमधील आर्चबिशप अशर यांच्यामुळे रूढ झाला. इसवी सनापूर्वी ४००४ हे साल त्यांनी वंशावळ्या जुळवून काढले. ते विद्वान होते, पण त्यांचे गणित श्रद्धेचा भाग नाही. आपल्या सह्याद्रीचा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, हे मानताना मला बायबलचा एकही चरण गाळावा लागत नाही. सहा दिवस अक्षरशः चोवीस तासांचेच होते, असे मानणारे सज्जन माझ्या चर्चमध्येही आहेत. त्यांच्या भक्तीबद्दल मला आदर आहे, परंतु त्यांचे हे मत हाच ख्रिस्ती विश्वास, असे समजून कोणी तरुण चर्च सोडून जातो, तेव्हा मला फार वाईट वाटते.

‘मग देवाला कोणी निर्माण केले?’ हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. प्रत्येक वस्तूला कारण असते, असे ख्रिस्ती विचारवंतांनी म्हटलेलेच नाही. ज्याचे असणे अपरिहार्य नाही, त्याला कारण लागते, असे ते म्हणतात. १९४८ मध्ये बीबीसीवर फादर कोपल्स्टन यांच्याशी झालेल्या वादात तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांना कुठेतरी थांबावेच लागले, आणि ते ‘विश्व आहे, बस्स’ इथे थांबले. आम्हीही थांबतो, पण जे नसूही शकले असते अशा विश्वापाशी थांबण्यापेक्षा, ज्याचे नसणेच संभवत नाही त्याच्यापाशी थांबणे बुद्धीला अधिक पटते, असे मला वाटते. शून्यातून विश्व आपोआप उपजू शकते असे काही भौतिकशास्त्रज्ञ लिहितात, पण त्यांच्या शून्यात क्वांटम क्षेत्र असते, त्याचे नियम असतात. ते नियम तरी का आहेत, हा प्रश्न तिथेही शिल्लक राहतो.

दुःखाचा आक्षेप मात्र वेगळ्या जातीचा आहे आणि त्यापुढे मी आवाज चढवणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीत आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. भूकवचाच्या हालचालींनीच डोंगर, माती आणि खनिजे घडतात, हे भूगोलाच्या तासाला शिकवता येते. ज्या आईने ढिगाऱ्यातून मूल काढले तिला ते सांगणे क्रौर्य आहे. बायबलमध्येही ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण शेवटपर्यंत कळत नाही, आणि जे मित्र त्याला कारणे सांगत सुटतात त्यांनाच देव दोष देतो. ख्रिस्ती माणसाजवळ या प्रश्नाचे सूत्रबद्ध उत्तर नाही. ज्याने जग निर्माण केले तोच वधस्तंभावर त्या जगाच्या वेदनेत उतरला आणि मरणाला शेवटचा शब्द बोलू दिला नाही, एवढाच आमचा विश्वास आहे. पण देव नाही असे मानले तर किल्लारीतले मृत्यू ही भूकवचाची एक हालचाल ठरते आणि त्यांना ‘अन्याय’ म्हणण्याचा आधारच नाहीसा होतो. आक्षेप घेणाऱ्याच्या मनातला संताप मला खरा वाटतो, आणि तो संतापच मला माणसाच्या निर्मात्याकडे बोट दाखवणारा वाटतो.

निर्मितीवरील विश्वास म्हणजे अंधश्रद्धा, असेही एका पत्रात म्हटले होते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला तेव्हा मी त्याचे स्वागत केले होते, आणि मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन बंद करायला सांगणाऱ्या चंगाई सभांना (प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या सभांना) माझा आजही उघड विरोध आहे. निर्मितीचा विश्वास कोणाला औषध टाकायला सांगत नाही, की गंडा बांधायला सांगत नाही. त्याचा परिणाम पाहायचा तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी आणलेल्या मुली कोणाच्याच नव्हत्या. त्या देवाच्या प्रतिरूपाच्या आहेत, या विश्वासापोटी केडगावात त्यांना निवारा, अक्षरओळख आणि हाताला काम मिळाले.

एक विनंती शासनाला आणि एक पत्रलेखकांना. एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आदींनी त्याविरुद्ध सह्या केल्या. दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांना तो विषय पुन्हा शिकायला मिळत नाही. तो भाग पुस्तकात पुन्हा समाविष्ट करावा, आणि तोपर्यंत ख्रिस्ती संस्थांच्या शाळांनी तरी तो आवर्जून शिकवावा. ज्यांनी आमच्या विश्वासावर आक्षेप घेतले आहेत, त्यांनी पुढच्या पत्रात अशर यांचे ४००४ साल बाजूला ठेवून अक्वायनस यांच्या मुद्द्याला उत्तर द्यावे: जे जग नसूही शकले असते, ते या क्षणी का आहे?

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर